दिगंबरकाकांनी शिजवलेलं लाकूड

आमच्या मंगरूळपीरच्या गल्लीत सकाळी चुलीवर पाणी तापतं, दूध तापतं. दिगंबरकाकांच्या अंगणात लाकूड शिजतं. आणि तेही माझ्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात.

कोणाला काय दिलं याची मी वही ठेवते. त्यात नोंद आहे: ‘मोठा गंज, काका, दोन दिवसांसाठी.’ त्याला पंधरा दिवस झाले.

काकांचा आसेगावच्या रस्त्याला भाजीचा मळा. स्वभाव उतावळा. टमाटे हिरवेच तोडतील, नऊच्या बससाठी साडेसातला स्टँडवर जाऊन बसतील. पण अडाण नदीच्या पात्रातून हे वेडंवाकडं मूळ उचलून आणलं आणि माणूसच बदलला. घरच्या काचेच्या टाकीत त्यांचा एकच सोनेरी मासा. तो दिवसभर टाकीतल्या छोट्या मोटरीमागे दडून बसतो. त्याला दुसऱ्या बाजूला आडोसा करून द्यायचा, म्हणजे तो तिथून बाहेर येईल, एवढाच काकांना ध्यास. पण लाकूड तसंच टाकलं तर तरंगतं, वर रंग सोडून पाण्याचा चहा करतं. म्हणून ते तारेच्या ब्रशनं घासायचं, उकळायचं, भिजत घालायचं, आपोआप बुडेपर्यंत.

“काहून काका, भाजी महागली काय?” समोरची शोभा ओरडते.

“ये जेवाले! मीठच टाकाचं राह्यलं,” म्हणत काका बटाट्यासारखी लाकडाला सुरी टोचून पाहतात.

मी म्हटलं, “खाली दगड बांधा, आजच बुडेल.”

“बांधून बुडलं त काय बुडलं, बाई? त्याले मनानं बुडू द्या.”

मध्ये एकदा ते भाजी धुवायच्या टाक्यात भिजत होतं. पहाटे अंधारात काकांनी त्याच पाण्यात मुळे धुतले. मुळे बदामी झाले. बाजारात बायका विचारू लागल्या, “हे असे काहून?”

“गावरान हायेत,” काका म्हणाले.

तासाभरात टोपली रिकामी. पुढच्या बाजाराला बाया पांढऱ्या मुळ्यांकडं पाहीनात.

शेवटी काल मी गंज मागायला गेले. काका आतल्या खोलीत, टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभे. लाकूड तळाशी बसलं होतं, दगडाशिवाय. तरी ते बोटभर सरकवायचं, धावत पलंगापाशी जायचं, उशीला डोकं टेकवून टाकीकडे पाहायचं आणि पुन्हा सरकवायचं, असं त्यांचं चाललं होतं.

त्या उशीवर काकूंचं डोकं. पक्षाघातानंतर त्यांची मान एकाच बाजूला राहते. तिथून टाकीचा उजवा कोपरा तेवढा दिसतो. मोटर डावीकडे.

“रोज एकच इचारते,” काका काकूंकडे पाहत मला हळूच म्हणाले, “‘मासा मेला ना? माह्यापासून लपवून राह्यले ना?’”

आम्ही तिघं टाकीकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं मासा मोटरीमागून निघाला, लाकडाला एक वळसा घालून उजवीकडे आला आणि त्याच्या फांदीखाली थांबला.

काकूंच्या ओठांची एक कड हलली. “हाय,” त्या म्हणाल्या.

“हाय ना! मग मी काय खोटं बोलून राह्यलो होतो?” काका केवढ्यानं ओरडले. मग माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ हातच पुसत राहिले.