सासूबाईंचा अंगठा

"पैसे देतो, पण कंपनीत चाळीस टक्के हिस्सा," सुटातले साहेब म्हणाले आणि कंपनी आपल्या नावावर झाल्यासारखे खुर्चीत रेलले. "कुलूप काय, कोणीही बनवतं."

समोर कुलूपवाली बसली होती. हे नाव तिला गल्लीनं ठेवलेलं. नोकरी सोडून, मागच्या खोलीत तीन वर्षं खपून तिनं बोटानं उघडणारं बोलकं कुलूप बनवलं, तेव्हा लोक हसले होते. तिनं तेच नाव पाटीवर रंगवून घेतलं.

"दहा टक्के," ती म्हणाली. आवाज ठाम होता; पण हे पैसे आले नाहीत, तर मुकाट्यानं जुन्या नोकरीच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

"मग आम्ही निघतो," साहेबांच्या भागीदार, चष्मेवाल्या बाई उठल्या. दोघं दारापर्यंत गेली आणि तिथंच अडकली. दार उघडेना.

पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून कुलूपवालीनं सकाळीच आपलं कुलूप दाराला दोन्ही बाजूंनी बसवलं होतं; पाहुणे आत आल्यावर दार लोटलं, तसं ते पहिल्यांदाच आपोआप लागलं होतं. तिनं लगबगीनं अंगठा टेकवला.

"कोण तू? मी नाही ओळखत!" कुलूप खेकसलं.

"हे कोण बोललं?" साहेब दचकले.

"माझ्या सासूबाई. म्हणजे आवाज त्यांचा. चोर घाबरावा म्हणून."

"चोराचं सोडा, मीच घाबरलो!"

तिनं अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा तेच खेकसणं. मग तिच्या लक्षात आलं. सकाळी कोटाला इस्त्री करताना अंगठा भाजला होता, त्यावर टपोरा फोड आला होता. कुलुपाच्या लेखी ती आता परकी होती.

"दुसऱ्या कोणाचं बोट चालतं?" बाईंनी विचारलं.

"सासूबाईंचं."

कुलूपवालीनं घरी फोन लावला. "आई, जरा ऑफिसात या. तुमचा अंगठा हवाय."

"येते. अंगठा काय, बरोबरच असतो माझा."

साहेबांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी फोन करून एक चावीवाला बोलावून घेतला. बाहेरून खडखड झाली, घरघर झाली, मग काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

"साहेब, दुसरं ड्रिल मोडलं," चावीवाला ओरडला. "भिंत फोडा, स्वस्त पडेल!"

कुलूपवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे द्यायला आलेली माणसं पहिल्याच दिवशी कोंडून ठेवली! साहेब आणि बाईंनी मात्र एकमेकांकडे बघितलं, मग ड्रिललाही न बधलेल्या कुलुपाकडे.

तेवढ्यात बाहेर नवा आवाज आला. "मीही पैसे गुंतवायला आलोय, पुढची भेट माझी आहे. इथं काय चाललंय?"

चावीवाल्यानं सगळी हकीकत अगदी मीठमसाला लावून सांगितली. मग दाराच्या फटीतून ओरडणं आलं, "कुलूपवाल्या बाई, ते जेवढे देतायत त्याच्या दुप्पट देतो! पंधरा टक्के पुरे!"

साहेबांचा चेहरा पडला. नेमक्या त्याच वेळी जिन्यात चपला वाजल्या.

"सूनबाई, आले गं! सरका रे बाजूला, अंगठा लावते."

"आजी, नको!" साहेबांनी दाराला पाठ लावली. "सह्या व्हायच्यात अजून!"

"कोण गं हा आत?"

"अजून ठरायचंय, आई. थांबा जरा." कुलूपवाली आता निवांत बसली. "बाहेरचे दुप्पट म्हणतायत."

"आम्हीही दुप्पट देतो," बाई घाईनं म्हणाल्या. "दहा टक्क्यांत."

"आणि निर्णय माझे."

"तुमचेच! पेन कुठंय?"

करारातल्या चाळीसवर काट बसली, बाजूला दहा आले, सह्या झाल्या. मग बाहेर अंगठा टेकला आणि दार लोण्यासारखं उघडलं.

"किती गेलं?" सासूबाईंनी पहिलं तेच विचारलं.

"दहा."

"आणि राहिलेलं?"

"आपलं."

सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती दोन पावलं पुढं गेली. समोर मोडकी ड्रिलं गोळा करत चावीवाला बसला होता.

"बाई, अशी कुलपं निघाली तर माझा धंदा बसला," तो म्हणाला. "काही काम आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना. उद्यापासून या. रोज हे कुलूप उघडायचा प्रयत्न करायचा."

"आणि उघडलं तर?"

"तर पगारवाढ," कुलूपवाली म्हणाली आणि कित्येक दिवसांनी पोट धरून हसली.