कोंडाजीच्या मोटारीतली पेज

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. कोंडाजीच्या मोटारीच्या कागदावर ‘दुरुस्ती गावठी, भरवशाची नाही, सबब परवाना बंद’ असा जो शेरा तुम्ही मारलात, तो खोटा आहे. आणि मारताना तो खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं. नुसती चूक असती तर आम्ही गप्प बसलो असतो. चुका आमच्याकडूनही झाल्या. त्या सगळ्या इथे सांगतो, एकही गाळत नाही.

म्हसळ्याहून माणगावला जाताना वाटेत वावळवाडी लागते. तिथला कोंडाजी हा कुणब्याचा पोर सहा वर्षं मुंबईत एका शेटजींची मोटार धूत होता. धुता धुता हाकायला शिकला, परवाना काढला, आणि गिरणीत असलेल्या वावळवाडीच्या माणसांनी वर्गणी करून त्याला एक जुनी मोटार घेऊन दिली. गावच्या सुताराने तिला फळ्यांची बाकं बसवली. तेव्हापासून ती श्रीवर्धन ते माणगाव उतारू नेते. देवळानंतर साऱ्या गावाच्या मालकीची अशी ही एकच वस्तू. सोयरीक जुळवायला पाहुणे आले आणि जमीन किती असं विचारलं, तर वावळवाडीकर आधी सांगतात, “मोटार हाय आमच्यात.” मग जमिनीचं सांगतात, जरा हळू.

यंदा चैत्रात उतारू नेण्याच्या परवान्याची मुदत संपली. सोमवारी दुपारी बारा वाजता माणगावच्या सरकारी बंगल्यासमोर मोटार तपासायला आणा, असा तुमचा हुकूम आला. त्या वेळेला मोटार तिथे उभी नसली तर परवाना गेला. माणगावात दुसरा एक लॉरीवाला टपून बसलेलाच होता.

आणि त्याच आठवड्यात येसूबाईच्या म्हशीने मोटारीशी टक्कर घेतली. म्हशीला काही झालं नाही. मोटारीचा रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पुढची जाळीदार पाण्याची टाकी, तिच्यात म्हशीचं शिंग चार बोटं आत गेलं. येसूबाई म्हणाली, म्हशीला मोटारीची सवय नाही. कोंडाजी म्हणाला, मोटारीला तरी म्हशीची कुठे आहे.

मुंबईला टाकी पाठवून परत येईपर्यंत परवान्याचं तेरावं झालं असतं. म्हणून कोंडाजीने ती सोडवून म्हसळ्याला धर्मा तांबटाकडे नेली. धर्माने जन्मात मोटारीत पाय ठेवला नव्हता. त्याने टाकी उलटीपालटी केली, ठोकून आवाज ऐकला आणि सांगितलं, “ही घागरच हाय. नुसती उभी नि चपटी.” तीन दिवस बसून त्याने एकेक नळी सरळ केली आणि वर कथील वितळवून डाख दिला. सोमवारी सकाळी टाकी स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो पाच मैल चालत वावळवाडीला आला. बैलगाडीत ठेवून धक्के खाऊ द्यायला तयार नव्हता. टाकी बसवली, पाणी भरलं, हँडल मारलं. अर्धा तास इंजिन चालवून बघितलं. थेंब नाही. धर्मा तंबाखू मळत बाजूला उभा राहिला, जसं काही त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही.

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. यापुढची चूक गावाची.

वावळवाडीत नवी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नारळ फोडल्याशिवाय वापरत नाहीत. घराचं आढं असो, होडगं असो, विहिरीचा रहाट असो. पहिला नारळ मानकऱ्याचा. आणि वावळवाडीत मानकरी दोन आहेत, वरच्या आळीचा दादू आणि खालच्या आळीचा बाळाजी. पहिला मान कुणाचा, हा वाद त्यांच्या आज्यांपासूनचा. देवळात तो सुटला आहे, तिथे एक वर्ष आड पाळी असते. मोटारीचं असं काही ठरलेलं नव्हतं.

साडेआठ वाजले. वाद चालू. कोंडाजी सूर्याकडे बघतो आणि एकेकाच्या पाया पडतो. शेवटी धर्मानेच तोड काढली, की दोघांनी एकदम फोडा. मग नारळ कुठे फोडायचा यावर वाद. कोंडाजी म्हणाला, पुढ्यात दगड ठेवतो, त्याच्यावर फोडा.

“दगडाची पूजा करायचीय का मोटारीची?” दादूने विचारलं.

बाळाजीचं म्हणणं, बैलाला गंध कपाळाला लावतात, तेव्हा नारळ मोटारीच्या कपाळावरच पाहिजे. मोटारीचं कपाळ म्हणजे रेडिएटर, याबद्दल मात्र दोन्ही आळ्यांचं एकमत झालं. कोंडाजीने हात जोडून, रडकुंडीला येऊन, त्यांना कपाळावरून खालच्या लोखंडी पट्टीवर आणलं. देवाला गाऱ्हाणं घातलं गेलं. दोघांनी हात उगारले. पण दोघांची नजर पट्टीवर नव्हती. दुसऱ्याचा हात आधी खाली येतो की काय, म्हणून ती एकमेकांच्या हातावर होती.

दादूचा नारळ पट्टीवर फुटला. बाळाजीचा नारळ फुटला नाही, रेडिएटर फुटला.

पाण्याची धार लागली. दुरुस्ती होऊन पुरता तास झाला नव्हता. बाळाजीने आपला नारळ उचलून साऱ्यांना दाखवला आणि म्हणाला, माझ्या बागेतला आहे, असा कुणाकडे नाही. त्याला मारायला धावलेल्या माणसांना बायकांनी आवरलं. धर्मा वाकला, बोट फिरवून बघितलं आणि सावकाश उठला.

“माझा डाख तसाच हाय. हे त्याच्या शेजारी फुटलंय.”

हे त्याने कोंडाजीला सांगितलं, दादूला सांगितलं, मग म्हशीकडे बघूनही सांगितलं. पण भाता, डाख, हत्यारं सगळं म्हसळ्याला. जाऊन येईपर्यंत दुपार टळली असती.

कोंडाजी पायरीवर बसला. तेव्हा त्याची आई आवडाबाई पुढे झाली.

“नवं मडकं पाझरतं तवा आपण काय करतो रं?”

नवं मडकं पाझरतंच. म्हणून पहिल्या दिवशी त्यात पेज उकळतात आणि तशीच मुरत ठेवतात. पेज भोकाभोकांत बसते, आणि मग ते मडकं पाणी धरतं. वावळवाडीत हे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक आहे.

“आये, मोटार हाय ती,” कोंडाजी म्हणाला. “चूल न्हाय.”

“तापतंय का? पाणी धरायचंय का? मग भांडंच झालं.”

सगळ्यांनी धर्माकडे बघितलं. भांड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने विचार केला आणि एवढंच सांगितलं, की मीठ घालू नको, तांबं खातं. चाळीस वर्षं पेज शिजवणाऱ्या बाईला हे ऐकून राग आला, पण वेळ नव्हता. सकाळची पेज चुलीवर होतीच. फडक्यातून गाळून तिने ती टाकीत ओतली. आपल्याही घरची थोडी घाला म्हणून दोन्ही मानकऱ्यांच्या बायका तांबे घेऊन आल्या होत्या. आवडाबाईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, त्या परत गेल्या. उरलेली पेज मडक्यात घेऊन ती स्वतः कोंडाजीच्या शेजारी बसली. धर्मा मागच्या बाकावर. आपल्या डाखावर कुणी आळ घेऊ नये म्हणून तो निघाला होता.

पहिला मैलभर मोटार गळत गेली. दुसऱ्या मैलाला थेंब थेंब. तिसऱ्याला धर्मा उतरून बघून आला, फुटलेल्या जागी पांढरी खपली धरली होती. घाटात इंजिन तापलं आणि ताज्या पेजेचा असा वास सुटला, की न जेवता निघालेले उतारू कासावीस झाले. एकाने लोणचं आहे का म्हणून विचारलं. साडेअकराला मोटार बंगल्यासमोर उभी होती.

साहेब, यापुढचं तुमच्या डोळ्यांसमोर झालं. तुम्ही ब्रेक दाबलेत, भोंगा वाजवलात, दिवे लावून बघितलेत. सगळं ठीक. मग टाकीचं झाकण उघडायला सांगितलंत. कोंडाजी म्हणाला, गरम आहे, जरा थांबा. तुम्ही म्हणालात, आम्हाला शिकवू नकोस. त्याने उघडलं. पेज उतू गेली ती थेट तुमच्या बुटांवर.

“हे काय आहे?”

“पेज, साहेब.”

त्याला खोटं बोलता आलं असतं. मुंबईचं औषध आहे म्हणाला असता तर चाललंही असतं. पण तो म्हणाला, “टाकी गळत होती. आता गळत न्हाय. खाली वाकून बघा.” तुम्ही वाकलात. बघितलंत. थेंब नव्हता. निर्णय मंगळवारी अलिबागेच्या कचेरीतून कळवू, असं म्हणून तुम्ही आपल्या मोटारीत बसलात.

तुमची मोटार मुंबईच्या बड्या कारखान्यातून आठच दिवसांपूर्वी दुरुस्त होऊन आली होती. शोफरनेच सगळ्यांना सांगितलं होतं, छापील हमीसकट. ती दहा पावलं गेली आणि वाफ सोडत थांबली. खाली थारोळं. तीच टाकी, तसाच पाझर, फक्त नारळ न लागता. शोफरने हमीचा कागद काढून तुम्हाला दाखवला. पाणी वाहायचं थांबलं नाही.

थोड्या वेळाने तुमचा पट्टेवाला आंब्याखाली भाकर खात बसलेल्या आवडाबाईकडे आला आणि हळूच विचारू लागला, की मडक्यात काही उरलंय का. कोंडाजी उठून उभा राहिला. म्हणाला, ज्याला पाहिजे त्याने येऊन मागावं.

“पेज मागाया आलेल्याला आपण दारातनं परत पाठवत न्हाय,” आवडाबाई म्हणाली.

“आये, हे आपलं दार न्हाय.”

“मडकं तर आपलं हाय.”

तिने स्वतः ओतली. तुम्ही तेव्हा आंब्यावरच्या कैऱ्या बघत होतात. धर्माने वाकून तुमच्या टाकीवरचा मुंबईचा डाख बघितला आणि, सगळ्यांच्या देखत, काही न बोलता उठला. घटकाभरात गळती थांबली. तुम्ही निघालात. आभार कुणी मागितले नव्हते, तुम्ही मानले नाहीत. आवडाबाईने मागून ओरडून सांगितलं, की हिच्यात मीठ नाही, काळजी नको.

बुधवारी टपालाने तुमचा शेरा आला, मंगळवारची तारीख घालून. तेव्हापासून वावळवाडीची मोटार उभी आहे, धुतलेली, पुसलेली, न गळणारी. अलिबागेकडून कुणी आलं की आवडाबाई एवढंच विचारते, साहेब सुखरूप पोचले ना? कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो.

तुमची मोटार त्या दिवशी अलिबागेस पोचली की नाही? पोचली असेल, तर आमची दुरुस्ती भरवशाची होती. पोचली नसेल, तर मंगळवारी कचेरीत बसून सही कुणी केली? दोन्हींतलं एक लिहून कळवा. उत्तर द्या, साहेब.