आप्पा आन् हवेचं मशीन

आमच्या शेजारचे आप्पा कुणाच्याही उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी छत्रीच्या टोकाला बांधलेला लोकरीचा दोरा वर धरतात आणि विचारतात, “वारं कुठनं हाय?” मग बाजू बघून बसतात. त्यांना आधी पाणी विचारायचं की दिशा सांगायची, हे आमच्या आळीत अजून ठरलेलं नाही.

आप्पांची हयात झारखंडात गेली. तिकडं जमिनीखालचा कोळसा पाण्याच्या दाबानं फोडून गॅस काढतात. त्या विहिरींभोवती मशीन घेऊन फिरायचं आणि हवेत काय किती मिसळलंय ते लिहायचं, ही नोकरी. रिटायर होऊन दौंडजवळ गावी आले ते तसलंच एक मशीन घेऊन. इथं गॅसची विहीर नाही म्हणून माणूस गप्प बसेल? छे! चहावाल्याचा स्टोव्ह, गुऱ्हाळाची चिमणी, सगळ्यांच्या तोंडापुढं मशीन. सरपंचांच्या बुलेटला मशीन लावून म्हणाले, “एकशेऐंशी! गाडी हाय का भट्टी?”

तेवढ्यात माझ्या लेकीचं, सोनीचं लग्न ठरलं. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं. पण आक्कांना दमा. धुराच्या धास्तीनं वर्षभर त्यांनी अंगणसुद्धा ओलांडलं नव्हतं. सोनी हटून बसली, “आक्का नसतील तर मी बोहल्यावर चढणार न्हाई.”

आप्पा म्हणाले, “आणतो की! पर मांडवातली हवा माझ्या ताब्यात.”

मी हो म्हणालो. कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे.

लग्नादिवशी आप्पांनी आचाऱ्याची भट्टी पार उसाच्या बांधाला नेली, जनरेटर पांदीच्या वाटेवर ढकलायला लावला आणि मोर्चा होमाकडं वळवला. “भटजी, होम हलवा.”

“अहो, त्याला दिशा असते!”

“दिशा तीच ठेवा. जागा बदला.”

शेवटी नवरा-नवरी, पाट, समिधा, सगळं वीस पावलं सरकलं. आणि मेलं वारंच फिरलं! सगळा धूर वरमाईच्या नव्या पैठणीवर. वऱ्हाड ठसकतंय, भटजी मंत्र खोकतायत आणि मी व्याह्यांपुढं हात जोडून उभा.

आप्पांना त्याचं काही नाही. धूर त्या अंगाला गेलाय म्हटल्यावर ते आक्कांना हाताला धरून घेऊन आले आणि इकडच्या मोकळ्या कोपऱ्यात बसवलं. होम आटपताच सोनी शालू सावरत धावली. पण आक्का तोंडाला पदर लावून घट्ट बसलेल्या.

मी तणतणत गेलो आणि मशीन हिसकावलं. बघतो तर पडदा काळाकुट्ट.

“आप्पा, हे तर बंद हाय!”

“हळू बोल. दोन वर्सं झाली बिघडून.”

“म्हंजी सरपंचांचे एकशेऐंशी?”

“ते नाकानं काढले.” त्यांनी मला बाजूला ओढलं. आवाज एकदम उतरला. “जल्मभर परक्यांची हवा मोजली, भाऊ. हितं ही एकटी चुलीत फुंकत ऱ्हायली, तवा मोजायला कोण व्हतं? आता आकडा ऐकल्याबिगर तिला श्वास घ्यायचा धीर व्हत न्हाई.”

मागून आक्कांचा पदराआडून आवाज आला, “अवो, किती हाय?”

आप्पांनी माझ्या हातातलं मशीन घेतलं, पळत गेले, पडदा आपल्याकडं ठेवून तिच्यापुढं धरलं. “अकरा! एकदम झकास!”

आक्कांनी तोंडावरचा पदर काढला, सोनीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यातल्या मोगऱ्याचा पोटभर वास घेतला.