सर्वरची निवडणूक

"सर्वर ना? अहो नाना, आज संध्याकाळपर्यंत ठरवून टाकतो! तुम्ही निवांत राहा!"

धुळ्याच्या रुपचंदनानांना असं ठणकावून भाईदास भोळेने फोन ठेवला आणि जळगावच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात छाती काढून उभा राहिला. का नाही काढणार? एकोणीसशे नव्व्याण्णव साली केळीच्या ट्रकचा गेम बनवणारा अख्ख्या खानदेशात तो एकटाच! केळी भरायची आणि पिकायच्या आत दिल्लीला पोचवायची. गेम झकास होता. फक्त ट्रक एरंडोलच्या पुढे जात नव्हता. कितीही बटणं बडवा, तिथेच ठाण मांडून!

रविवारी नानांच्या सायबर कॅफेत याच गेमची स्पर्धा होती. त्याआधी दुरुस्तीची फाईल जळगावच्या मशीनवर ठेवायची आणि नानांनी ती धुळ्याहून फोनच्या तारेवरून ओढून घ्यायची, असा बेत. स्पर्धा फसली तर क्लासला कुलूप आणि केळीच्या बागेत हजर, असा वडलांचा, म्हणजे उखर्डूआबांचा हुकूम होता. आणि बागेचं नुसतं नाव निघालं तरी भाईदास विषय बदलायचा.

आता, मागेल त्याला फाईल काढून देणारा प्रोग्राम म्हणजे सर्वर. भाईदासला हवा होता अपाची. जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, फुकटचा! त्याचा भागीदार कौतिक उसळला.

"फुकटचं बिघडलं तर कुणाची गचांडी धरशील? विकतचा घे!"

दोघं हमरीतुमरीवर आले, तेवढ्यात असोद्याहून आबा टपकले. आबांची हयात गावच्या सोसायटीची चेअरमनकी करण्यात गेलेली.

"काहून भांडू राह्यले रे? हा सर्वर म्हणजे सोसायटीतला कारकूनच ना? मंग तुम्ही दोघं कोन ठरवनारे? मतदान घ्या!"

झालं! दोन पॅनल पडले. फुकटवाल्यांची कपबशी, विकतवाल्यांचं शिलाई मशीन. क्लासची पोरंपोरी आणि गेम घेतलेली गिऱ्हाइकं, हे मतदार. कौतिकने भरीत आणि कळण्याच्या भाकरी घातल्या, भाईदासने शेवभाजीने उत्तर दिलं. कौतिकने रिक्षावर भोंगा बांधला, भाईदास मोटरसायकल घेऊन थेट फैजपूरपर्यंत हात जोडत सुटला. तिथे गेम घेतलेल्या पुष्पाबाईंनी त्याला दारातच अडवलं. त्यांचा नातू गेमपायी जेवणखाण विसरला होता.

"भाऊ, तुमचा मानूस निवडून आला का ट्रक एरंडोलच्या पुढे जाईल ना?"

"म्हणजे काय, अक्का! आधी निवडून तर द्या!"

शनिवारी मतदान झालं. कपबशी आली! गुलाल असा उधळला की कीबोर्ड लालेलाल झाला. आबांनी विजयी आणि पराभूत पॅनलची गळाभेट घडवली. रविवारी सकाळी अपाची चढवायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. स्पर्धेच्या ऐन तोंडावर नानांचा फोन आला.

"भाईदास, तुना सर्वर भलता भारी शे रे!"

भाईदासचा ऊर भरून आला. "मग! जनतेने निवडलाय, नाना!"

"फाईल मांगी का लगेच जवाब देस! येक घडीभी लावत नही!"

"काय जवाब देतो?"

"फाईल नही शे!"

भाईदासने कपाळावर हात मारला. दुरुस्ती! ती एकट्या त्यालाच जमणारी होती, आणि प्रचाराच्या धामधुमीत एक ओळही लिहून झाली नव्हती. तिकडे धुळ्यात स्पर्धेला येऊन बसलेल्या पोरांचा गलका वाढला होता. नाना ओरडत होते, "आठे बठ्ठा पोऱ्या बशी राह्यनात! त्यास्ले काय सांगू?"

त्याने केविलवाण्या नजरेने कौतिककडे पाहिलं.

"मी विरोधी पॅनलचा," कौतिक शांतपणे म्हणाला. "कामाचं निवडून आलेल्यांनी बघायचं."

आबा मात्र खूश होते. त्यांनी मशीनच्या पाठीवर थाप मारली.

"नाही ते नाही, हे तोंडावर सांगनारा कारकून आपल्या सोसायटीत अजून लागला नाही. याले कायम करा!" मग ते भाईदासकडे वळले. "तू उद्यापासून बागेत."