गालबोटाचे माप

एका जंगलात, मुलांनो, एक शिंपीण राहत होती. शिंपीण म्हणजे पाने शिवून घरटे करणारे ते इवलेसे पाखरू. हिच्या टाक्यांचे जंगलभर कौतुक. कौतुक फार झाले की व्रत घ्यावेसे वाटते. हिने घेतले, बिनचूक गोधडीचे.

नेम साधाच होता. प्रत्येक टाका तिळाएवढा. एखादा जवाएवढा झालाच, तर सगळी ओळ उसवायची, आंघोळ करायची आणि पुन्हा बसायचे. गोधडी पुरी होईतो एकभुक्त. व्रताला नावे ठेवू नयेत, पाप लागते. म्हणून मी आपली नुसती हकीकत सांगते.

त्याच सुमारास सशिणीला दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. बिळात ओल आणि दारात मार्गशीर्षाची थंडी. ती लुगड्यांचे गाठोडे घेऊन शिंपिणीकडे गेली.

"काकू, बाळाला गोधडी शिवून द्याल? सासूबाईंची जुनी लुगडी आहेत, मऊ झालेली. आठच दिवस राहिलेत."

"देईन की. माझ्या हातून वेडंवाकडं मात्र जायचं नाही हो."

"थोडं गेलं तरी चालेल, काकू."

शिंपिणीने कानांवर पंख ठेवले. असले अभद्र तिने आजवर ऐकले नव्हते.

चौथ्या दिवशी शेजारची साळूमावशी डोकावली. साळूच्या अंगावर सुयाच सुया, त्यामुळे तिला सुईचे अप्रूप नाही.

"कुठवर आलं गं?"

"पहिल्या ओळीवर."

"काल तिसरी होती ना?"

"सगळं उसवलं. पहिलीतच एक टाका नाक वर करून बसला होता."

"बसू दे की. बाळ काय पट्टी घेऊन जन्माला येणार आहे?"

"तुमचं सगळं चालतं, मावशी. तुमच्या गोधडीवर मुंगी चढली तर रस्ता चुकेल."

"चुकेल, आणि तिथंच झोपेल. ऊब असते ना."

आठव्या दिवशी पहाटे बाळ झाले. गोधडी दुसऱ्या ओळीवर होती. बाळाचे पाय गार पडू लागले, तशी सशीण धावत आली.

"काकू, आहे तशी द्या."

"अशी कशी देऊ? व्रत मोडेल माझं."

शेजारून साळूमावशी आली. तिने लुगडी उचलली, अंगावरची एक सुई उपटली आणि उन्हात बसून धावदोरा घालू लागली. टाके कुठे जोंधळ्याएवढे, कुठे बोराएवढे. एक पदर उलटाच गेला. शेवटच्या कोपऱ्यात दोरा संपला, तिथे आपलाच काळा राठ केस ओवला. दुपारपर्यंत बाळाचे पाय कोमट झाले. मग ते दूध प्याले आणि निजले.

बारशाला शिंपीण आली. पाळण्यात न बघता आधी तिने गोधडी बघितली.

"कोपऱ्यात हे काळं काय?"

साळूमावशी तोंड उघडणार, तेवढ्यात सशीण म्हणाली, "गालबोट आहे ते, काकू. दृष्ट लागू नये म्हणून."

शिंपिणीने मान डोलावली. गालबोट शास्त्रात बसत होते. मुद्दाम लावलेला डाग, तोही पुण्याचा! त्या दिवशी ती पोटभर जेवली. मला वाटले, सुटली बिचारी.

पुढच्याच आठवड्यात महिला मंडळाच्या अध्यक्ष लांडोरवहिनींनी ठराव केला. यापुढे प्रत्येक गोधडीला गालबोट हवे. ते तपासायला अर्थातच शिंपीण. तिने माप ठरवले. उजवा कोपरा, तीन तीळ लांब, किंचित तिरपे.

पहिल्यांदा नापास झाली साळूमावशी.

"चूक आहे, पण बरोबर नाही," शिंपीण म्हणाली.

"पुढच्या खेपेला नीट चुकेन हो," मावशी म्हणाली आणि आपल्या वाटेने गेली.

हल्ली शिंपीण एकच गोधडी शिवते आहे. गालबोट घालते, मोजते, उसवते, आंघोळ करते. कधीतरी पुरी होईलच, देवाच्या घरी देर आहे. सशिणीला पुन्हा दिवस गेले आहेत. या खेपेला ती लुगडी घेऊन सरळ साळूमावशीकडे गेली.

तात्पर्य: चुका जरूर कराव्यात, पण मापात, आणि मंडळाला विचारून. उतावे, मातावे, घातलेला टाका उसवावा. बाळांची काळजी करू नये. ती नापास गोधडीत छान झोपतात.