टोपीकराच्या हुर्रेची हकीकत

श्रीगजाननास नमन, वाग्देवीस दंडवत, आणि ज्यांणीं ज्यांणीं मनुष्यास मोकळें हसावयास शिकविलें त्या सर्वांस साष्टांग. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरीं, अमुक एका राज्यांत भिकाजीपंत हर्षनवीस होते. त्या राज्यीं रिवाज ऐसा कीं, शुभवर्तमान आलें तरी हर्षनवीस यांणीं महाराजांच्या चाळीस बिरुदांचा हर्षलेख वाचिल्याखेरीज कोणीं हूं कीं चूं करूं नये, आणि एक बिरुद चुकलें तर पुन्हां मुळापासून वाचावें. काय म्हणावें ऐशा रिवाजास!

त्या सालीं सरहद्दीचा किल्ला फत्ते जाहला आणि जासूद जिवंत राहिलेल्यांची यादी घेऊन दरबारीं आला. किल्ल्यावर पंतांचा एकुलता पुत्र येसाजी होता. परंतु हर्षलेख पुरा होईतों यादी उघडावयाची नाहीं. मग पंत वाचावयास उभे राहिले आणि सतराव्या बिरुदावर अडखळले, मग मुळापासून आरंभिलें आणि नवव्यावर चुकले, मग तिसऱ्या खेपेस डोळ्यांत पाणी येऊन अक्षरच दिसेना.

तेथें घड्याळें दुरुस्त करणारा डिकन साहेब म्हणून फिरंगी टोपीकर होता. दुभाष्यानें त्यास फत्तेचें वर्तमान तेव्हां कोठें समजाविलें, आणि तो टोपी उडवून ओरडला, "हुर्रे! यिप्पी!" मानकऱ्यांनीं कानांवर हात ठेविले. महाराजांनीं पुसिलें, "हें काय?"

साहेब म्हणाला, "सरकार, आमचे मुलखीं आनंद जाहला कीं ऐसेंच ओरडतात, हुर्रे, वॉव, वूहू, जें तोंडास येईल तें."

"बिरुदें किती?"

"एकही नाहीं."

महाराजांनीं पंतांचे मुखाकडे पाहिलें आणि बोलिले, "बहुत बरें. हर्ष पुरा जाहला. आम्हीही म्हणतों, हुर्रे! उघडा ती यादी." मग सारा दरबार हुर्रे करूं लागला, आणि बारा वर्षांत न हसलेले फडणीसही हळूच "वॉव" म्हणाले. यादींत नववें नांव निघालें, येसाजी भिकाजी, सलामत. पंत साहेबाचे गळां पडून म्हणाले, "साहेब, तुमचे उपकार कसे फेडूं हो!" आणि मग महाराजांपुढें हात जोडून म्हणाले, "माझी ही चाकरी मोडावी, सरकार. दुसऱ्या कोणा बापास ऐसें उभें करूं नये." महाराजांनीं मान्य केलें.

येणेंप्रमाणें हर्षलेख बंद जाहला. पुत्र आला ते दिवशीं पंत वेशीपर्यंत अनवाणी, "वूहू, वूहू" करीत धांवले, आणि लोक म्हणाले, पंतांस वेड लागलें. लागलें असेल तर तें ज्याच्या त्याच्या घरीं लागो.