मटणवाली कंपनी, वांगेवाली कंपनी

विमा एजंट घरी आला की आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो. मग ओळखीतल्या कोणाला तरी अचानक काय झालं ते सांगतो. बॅगेतून पत्रकं बाहेर येईपर्यंत आपल्याला निम्मं आजारी झाल्यासारखं वाटायला लागतं. आमच्या शेजारच्या देवराव भगतांची रीत याच्या नेमकी उलटी होती. ते चहा संपवून कपबशी खाली ठेवत, धोतराने मिशा पुसत आणि पत्रकाला हात लावण्याआधी समोरच्याला बजावत, "पहिले माह्या पोटाचं ऐका, मंग तुमच्या. या कंपनीची पॉलिसी घेतली त आमच्या घरी रविवारी मटण. त्या दुसरीची घेतली त वांगे. आता बोला."

कोणत्या कंपनीत आपल्याला कमिशन जास्त, हे एजंटने गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणं म्हणजे दुकानदाराने खरेदीची किंमत पाटीवर लिहिण्यासारखं. धंद्यातली बाकीची मंडळी त्यांच्यावर खार खाऊन असत. देवरावांचं त्यावर एकच म्हणणं, की कमिशन लपवलं की जिभेवर बसतं आणि मग जीभच कंपनी निवडते.

आम्ही पुलगावला नाचणगाव रोडला राहायचो. मी शाळेत मास्तर. देवराव माझ्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे, त्यांची आमची मधली भिंत एकच. नव्या खाजगी विमा कंपन्या गावोगाव पाट्या लावत होत्या, तो काळ. आरोग्याच्या विम्यात एका एजंटने एकाच कंपनीचं काम करायचं, असा नियम होता. म्हणून देवरावांचं लायसन जुन्या सरकारी कंपनीचं आणि त्यांच्या बायकोचं, शकुंतलावहिनींचं, नव्या खाजगी कंपनीचं. सरकारी म्हणजे वांगेवाली. खाजगी म्हणजे मटणवाली. लायसनची परीक्षा वहिनी पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि देवराव दुसऱ्या. ही गोष्ट वहिनींनी कधी काढली नाही. देवराव मात्र ती बसस्टँडवर अनोळखी माणसालाही सांगत, आणि सांगताना त्यांची छाती वहिनींपेक्षा जास्त फुगलेली असे.

शनिवारी कोणाच्या गळ्यात कोणती पॉलिसी पडली, हे आमच्या गल्लीला रविवारी फोडणीच्या वासावरून कळायचं. माझी आई, मंजुळाबाई, ओसरीवर बसून नाक वर करायची आणि म्हणायची, "देवरावनं आज कोणाले तरी खाजगीत घातलं." ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

पण खरं सांगायचं तर बहुतेक रविवारी वांगीच असत. कारण पोटाचं सांगून झालं की देवराव गिऱ्हाइकाच्या पोटाकडे वळत, आणि तिथे ते फार चिकट. वय काय, साखर आहे का, आजारी पडलात तर कोणत्या दवाखान्यात पळता, डबा कोण आणेल. मटणवाली कंपनी देखणी. गुळगुळीत पत्रक, गोड बोलणारा साहेब, कार्ड आठवड्यात हातात. पण आपल्याकडचे दवाखाने तिच्या यादीत मोजकेच, आणि वय झालेल्या माणसाला ती दारातूनच वाटेला लावायची. वांगेवालीचा कारभार बैलगाडीचा, साहेब खुर्चीत सापडला तर नशीब. पण ती म्हाताऱ्यांना घ्यायची, आणि उशिरा का होईना पैसे द्यायची. सगळं तोलून देवराव उसासा टाकत. "मटण एका रविवारचं हाये, कटकट सालभराची," म्हणत आणि वांगेवालीचा कागद पुढे सरकवत.

गावातल्या एका किराणावाल्या शेठनी हे ऐकून घेतलं आणि व्यापाऱ्याच्या सवयीने म्हणाले, तुझ्या मटणातलं अर्धं माझं, तर सही करतो. कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला द्यायला कायद्याने बंदी, पण देतात सगळेच. देवराव नुसते हसले आणि जेवायला या म्हणाले. रविवारी दुपारी झाकलेली वाटी घेऊन स्वतः दुकानात हजर. शेठ माळकरी. भर गिऱ्हाइकांत त्या वाटीचा वास सुटला, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि पुढे कोणत्याही एजंटाकडे वाटा मागितला नाही.

त्यांचा दुसरा छंद याहून विचित्र होता. त्यांच्या पॉलिसीचं माणूस दवाखान्यात गेलं की देवराव तिथे जाऊन बसत. कागदपत्रांचं काम तासाभराचं असायचं, पण हे सकाळी जात ते दिवे लागेपर्यंत. खांद्यावर दुपट्टा, पिशवीत चिवडा आणि पाण्याची बाटली. वर्धा म्हणू नका, हिंगणघाट म्हणू नका. त्यात पेट्रोल जायचं, दिवस जायचा आणि दमडी मिळायची नाही. मी एकदा विचारलं, तर माणसाने बसावं थोडं, असं काहीतरी पुटपुटून ते उठले.

आता विमानाची गोष्ट. एका वर्षी मटणवाल्या कंपनीने जाहीर केलं की मार्चअखेर ठरलेलं काम पुरं करणाऱ्या एजंटला जोडीने विमानातून गोव्याला नेऊ. शकुंतलावहिनींना विमानाचं वेड. वरून आवाज आला की तव्यावरची पोळी तशीच सोडून त्या अंगणात येत आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत. त्या वर्षी त्यांनी जीव तोडून काम केलं. वर्ध्याला, देवळीला, एसटीने, पायी. मार्च संपत आला तेव्हा फक्त एका कुटुंबाची पॉलिसी कमी पडत होती. विमानात घरची तिळाची चटणी नेऊ देतात का, हे त्यांनी माझ्या बायकोला विचारून ठेवलं होतं.

नेमका त्याच आठवड्यात मला विमा काढायचा होता. मी भिंतीवरून हाक मारली. देवराव आले, चहा घेतला आणि सरळ मटणवालीचा फॉर्म काढला. पोटाचं काही बोलले नाहीत. घाईत असतील म्हणून मीही मनावर घेतलं नाही. माझं, बायकोचं आणि दोन्ही मुलांची नावं त्यांनी लिहिली. मी आईचं विचारलं, तर फॉर्मकडे बघतच म्हणाले, "मायचं मागून पाहू." मी सही केली, चेक दिला. जाताना ते चप्पल घालायला विसरले आणि फाटकातून परत आले.

दुसऱ्या दिवशी मी दाढी करत असताना ते पुन्हा हजर. माझा चेक त्यांनी टेबलावर ठेवला, बॅगेतून नवा फॉर्म काढला आणि एकच शब्द बोलले, "वांगे." यात आईचं नाव सगळ्यात वर होतं. नवराबायकोचं भांडण झालं असावं आणि त्याचा राग वहिनींच्या कंपनीवर निघाला असावा, असं मी ठरवून टाकलं. गोवा हुकला. कंपनीने त्याऐवजी भिंतीवरचं घड्याळ पाठवलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई अंगण सारवताना घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. वर्ध्याला न्यावं लागलं. ऑपरेशन सांगितलं, तेव्हा मी खिशातलं पासबुक काढून पाहिलं. पण दवाखाना वांगेवालीच्या यादीत होता. आम्ही पोचायच्या आधी देवराव खिडकीशी उभे होते आणि आतल्या माणसाशी कागदावरून भांडत होते. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. मला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाकावर बसलो होतो. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. देवराव पाणी आणायला गेले, तेव्हा मी म्हटलं, त्या दिवशी फॉर्म बदलला नसता तर आज माझं काय झालं असतं. वहिनींनी डब्याचं झाकण काढलं.

"तो म्या बदलवला, सर," त्या म्हणाल्या. "रोज घरी आले की सांगतात, मटण हाये का वांगे हाये. त्या दिशी तुमच्याइथून आले आन काही बोललेच नाई. मी समजली. फारम पाह्यला त त्याच्यात माय नाई. मले इमानात बसवाचं होतं ना त्याईले. म्या म्हटलं, बुढीले खाली ठेवून मले नाई बसाचं. त्या कंपनीच्या फारमवर एजंटची सही माही लागते, ते म्या केली नाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी डब्याच्या वाफेवर ढकललं. पुढच्या मार्चला वहिनी गोव्याला गेल्याच, वर्ध्यातल्या तरुण नोकरदार जोडप्यांच्या जोरावर. त्यांना ती कंपनी खरोखरच बरी होती. पण त्या बाकावर आम्हाला हे कुठे ठाऊक होतं?

देवराव पाणी घेऊन परतले तेवढ्यात दार उघडलं. नर्सने बाहेर डोकावून विचारलं, "मंजुळाबाईंचे नातेवाईक कोण?"

"मी," म्हणत देवराव ताडकन उभे राहिले. मग त्यांना मी दिसलो. ते एकदम ओशाळले, "सर हायेत ना," म्हणाले आणि दुपट्टा सावरत खाली बसले.

वहिनी माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "सवय हाये त्याईले. आमाले लेकरू नाई, मांगंपुढं कोणी नाई. असं कोणी इचारलं की उभे राह्यतात. तेवढ्यासाठीच त जातात दवाखान्याइले."

आईला झोपवलेली गाडी दाराशी आली होती. ती गुंगीतून जागी होत होती, पण कान शाबूत होते. नर्स म्हणाली, वॉर्डात एकालाच सोडता येईल, मुलगा कोणता ते सांगा. आईने मान जराशी वळवली आणि आम्हा दोघांना पाहिलं.

"दोघंही माहेच हायेत," ती म्हणाली. "मोठ्याले आत येऊ द्या. लाहान्याले औषधाले धाडा."

देवराव तोंडावरून दुपट्टा फिरवत गाडीमागून आत गेले. मी आईचा एकुलता एक मुलगा. नर्सने हातात दिलेली चिठ्ठी घेतली आणि मुकाट्याने खाली मेडिकलच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.